वाटाड्या जे दाखवत नाही

आमच्या घरात अळंबीची जागा फक्त आत्याला ठाऊक होती. आषाढात आठ-दहा दिवस पाऊस कोसळून मध्येच उघडीप पडली, हवा कोंदट झाली, की ती पहाटे कुणी उठायच्या आत घराबाहेर पडायची. डोक्यावर खोळ, हातात रोवळी. आम्ही चहा पीत असताना परत यायची तेव्हा रोवळी भरलेली असे. गुडघ्याएवढ्या लांब, मातीने माखलेल्या शेपट्या आणि वर टोपीएवढ्या पांढऱ्या छत्र्या. दुपारी ओलं खोबरं घालून सुकं व्हायचं आणि त्या दिवशी घरात माशांची आठवण कुणी काढत नसे. नऊ वर्षांची असताना मी एकदा तिच्या मागोमाग गेले. तिने मागे वळून पाहिलं, काही बोलली नाही, काजूंमधून मला भरपूर हिंडवलं आणि एका वारुळापाशी आणून उभं केलं. तिथे चार अळंब्या होत्या. "हीच गो ती जागा," ती म्हणाली. त्या दिवशीही दुपारी सुकं झालं आणि ते चार अळंब्यांचं खासच नव्हतं.

पुढे बत्तीस वर्षांनी भूतानमधल्या उरा गावच्या एका वाटाड्याने माझ्याशी नेमकं असंच केलं. फरक एवढाच की या वेळी त्याचे मी पैसे मोजले होते.

हे पुस्तक अशा फिरण्याबद्दल आहे. दूरच्या डोंगरात, तिथल्याच माणसाच्या मागे चालत, अळंबी शोधायला जाण्याबद्दल. जगात आता हा पर्यटनाचा एक छोटा पण पक्का प्रकार झाला आहे. आल्प्सच्या पायथ्याशी असे गट हिंडतात, तिबेटी पठारावर आणि युन्नानच्या डोंगरांत जातात, मेक्सिकोच्या ओहाकात जातात. दहा-बारा माणसं, एक जाणकार, एक स्थानिक वाटाड्या, टोपल्या, भिंगं, आणि दिवसाला जेमतेम तीन किलोमीटर चाल. ट्रेकची सवय असलेल्या मराठी माणसाला हा वेग आधी चेष्टेचा वाटतो. सुळके, घाट, अंतर, चढाई हे आपल्या हिशेबाचे आकडे. इथे सगळा दिवस खाली मान घालून जातो आणि शिखर ढगात आहे की उघडं पडलंय, हे संध्याकाळी दुसऱ्याने सांगावं लागतं.

मराठीत या विषयावर लिहिताना पहिली अडचण शब्दाची येते. सर्वसाधारण मराठी माणूस रानातल्या अळंबीला काय म्हणतो? कुत्र्याची छत्री. म्हणजे जिथे कुत्र्याने पाय वर केला तिथे उगवलेली, हात न लावण्याची वस्तू. शुद्ध बोलायचं तर भूछत्र. पण खाणाऱ्यांच्या भाषेत वेगळेच शब्द आहेत: कोकणात अळंबी, विदर्भाच्या जंगलात टेकोडे, गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात म्हणून रोयणीची अळमी. एकाच मुलखात किळस आणि लाळ या दोन्हींसाठी स्वतंत्र शब्दसंपत्ती. आपल्यापुरतंच हे नाही. ज्या मात्सुताकेच्या वासासाठी जपानी माणूस वाटेल ती किंमत मोजतो, त्याच अळंबीला १९०५ साली नॉर्वेच्या ॲक्सेल ब्लिटने तिच्या वासावरूनच 'नॉसिओसा', म्हणजे मळमळ आणणारी, असं शास्त्रीय नाव दिलं होतं. दोन्ही एकच आहेत हे सिद्ध व्हायला विसावं शतक संपावं लागलं. नियमाप्रमाणे जुनं नाव टिकायला हवं होतं. जपानी नाव मुद्दाम राखलं गेलं. बाजारापुढे शास्त्रानेही थोडी मान तुकवली, असं मला वाटतं.

जागेचा प्रश्न मात्र शब्दाहून गहन. आपण जी छत्री खुडतो ती नुसतं फळ. खरा जीव जमिनीखाली, धाग्यांच्या जाळ्यात, वर्षानुवर्षं जगत असतो. कोकणातल्या अळंबीचं जाळं वाळवीच्या वारुळात असतं; वाळवीच ती बुरशी आपल्या अन्नासाठी पोसते, अगदी शेतकऱ्यासारखी. हिमालयातल्या मात्सुताकेचं जाळं ओक, पाईन, हेमलॉकच्या मुळांना बिलगलेलं असतं. झाडाकडून साखर घेतं, झाडाला पाणी आणि खनिजं देतं. दोन्हींची शेती माणसाला आजवर जमलेली नाही. बटण मश्रूम पेंढ्यावर आणि खतावर उगवतं, मात्सुताकेला जिवंत झाड लागतं, आणि तेही तिच्या पसंतीचं. म्हणून डोंगरात जावं लागतं. आणि जाळं जागचं हलत नाही म्हणून यंदा जिथे फळ धरलं तिथे पुढच्या वर्षीही धरतं. आत्याचं गुपित टिकाऊ होतं त्याचं कारण हे. आंब्याच्या झाडासारखीच ती मालमत्ता आहे, फक्त वर्षातले अकरा महिने दिसत नाही आणि सातबाऱ्यावर चढत नाही.

अशा अदृश्य मालमत्तेला किंमत आली की काय होतं, ते पाहायला युन्नानचा वायव्य कोपरा चांगला. जपानमध्ये पाईनच्या झाडांना एका सूक्ष्म कृमीने ग्रासलं, शेतकऱ्यांनी रानातला पाला-लाकूड गोळा करणं सोडलं, रानं दाट झाली, आणि १९४०च्या सुमारास जिथे वर्षाला हजारो टन मात्सुताके निघत होती तिथे आता शंभर टनही निघणं कठीण. मागणी मात्र तशीच राहिली. तेव्हा जपानी व्यापारी जगभर शोधत निघाले आणि तिबेटी वस्तीच्या झोंगडियनमध्ये पोहोचले. २००१ साली या गावाचं नाव बदलून शांग्रिला ठेवलं गेलं, पर्यटकांसाठीच. त्याआधी १९९८ मध्ये यांगत्से नदीला महापूर आला आणि चीन सरकारने वरच्या खोऱ्यातली जंगलतोड बंद केली. लाकडाचा पैसा आटला, अळंबीचा तेवढा उरला. पहाटे तीनला डोक्याला विजेरी बांधून माणसं रानात शिरू लागली. जाताना एक वाट, येताना दुसरी. टोपी न उमललेली, मुठीसारखी मिटलेली मात्सुताके सर्वांत महाग. उमलली की भाव कोसळतो. म्हणजे जी पाल्यावर डोकं काढून उभी आहे, नवख्यालाही दिसते, तिला किंमत कमी. खरा पैसा पाल्याखाली फक्त किंचित फुगवटा दिसतो तिथे. तो फुगवटा ओळखणारी नजर विकत मिळत नाही. काढल्यावर खड्डा पुन्हा पाल्याने झाकायचा असतो. त्यामुळे खालचं जाळं सुकत नाही असं वनअधिकारी सांगतात. मागून येणाऱ्याला जागा कळत नाही हे गावकरी सांगत नाहीत.

भूतानमध्ये याच अळंबीला सांगे शामू म्हणतात, म्हणजे बुद्धाची अळंबी. बुमथांगमधलं उरा तीन हजार मीटरच्या वर आहे. ऑगस्टमध्ये तिथे तिचा उत्सव भरतो आणि पाहुण्यांना रानात नेतात. माझा वाटाड्या पंचविशीचा, हिंदी सिनेमांवर पोसलेला. तीन तास हिंडून त्याने मला दोन मात्सुताके दाखवल्या, दोन्ही पूर्ण उमललेल्या, आणि माझ्या चेहऱ्यावरचा आनंद तो समाधानाने पाहत राहिला. उतरताना एका धारेवर त्याची चाल किंचित बदलली. पायवाट सरळ जात होती, तो उगाच डावीकडून वळसा घालून गेला. मला एकदम काजूंची बाग आठवली. मी काही विचारलं नाही.

या प्रवासाचं मर्म मला तिथे सापडलं. वाटाड्याला आपण दाखवण्यासाठी पैसे देतो, आणि त्याचं घर चालतं ते न दाखवल्यामुळे. देवळं, किल्ले, धबधबे दाखवणाऱ्याला हा पेच पडत नाही. शंभर माणसांनी रायगड पाहिला म्हणून रायगड कमी होत नाही. अळंबीचा वाटाड्या मात्र दर खेपेला मनात नकाशा आखत असतो: इथपर्यंत पाहुणे, इथून पुढे आम्ही. जे पर्यटक याला फसवणूक म्हणतात त्यांच्याशी माझं जमत नाही. पुस्तकात एका प्रकरणात अशा एका सहप्रवाशाशी झालेलं भांडण सविस्तर आलं आहे, इथे सोडून देते.

गुपित पूर्ण उघडं पडलं तर काय होतं याचं उदाहरण इतकं गाजलेलं आहे की टाळता येत नाही. ऑगस्ट १९२७. गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कचा तरुण आणि त्याची रशियन वंशाची डॉक्टर पत्नी व्हॅलेंटिना कॅट्स्किल डोंगरात सुट्टीला गेलेली. फिरताना तिला रानात अळंब्या दिसल्या आणि ती गुडघे टेकून, लहानपणीची नावं घेत त्या गोळा करू लागली. तो लांब उभा राहून ओरडत होता की विषारी असतील, टाकून दे. रात्री तिने त्या शिजवून खाल्ल्या, त्याने शिवल्याही नाहीत. सकाळी आपण विधुर होऊन उठू असं त्याला वाटत होतं. ती ठणठणीत उठली. एवढ्याशा भांडणातून दोघांनी पुढची तीस वर्षं एकच प्रश्न धरला: काही समाज अळंबीवर प्रेम का करतात आणि काही तिला का घाबरतात? नवरा बँकेत मोठ्या हुद्द्यावर चढत गेला, आणि सुट्ट्या या प्रश्नामागे गेल्या. या प्रवासाच्या प्रकाराला जन्मतारीख हवी असेल तर मी त्या संध्याकाळची देईन. आपल्याकडच्या 'कुत्र्याची छत्री' आणि 'रोयणीची अळमी' या दोन शब्दांमधलंच भांडण होतं ते, फक्त एका लग्नात आलेलं.

शोधता शोधता ते ओहाकाच्या मासातेक डोंगरातल्या वाउत्ला गावी पोहोचले. तिथे मारिया साबिना नावाची एक वैदू बाई रात्री अळंबी देऊन आजाऱ्याचं दुखणं जाणून घेत असे. २९ जून १९५५च्या रात्री वॉसन तिच्या विधीला बसला. मे १९५७ मध्ये 'लाइफ' मासिकात त्याने ते छापलं. बाईचं नाव बदललं होतं, गावाचं नाव झाकलं होतं. उपयोग झाला नाही. दहा वर्षांत वाउत्लाच्या रस्त्याला जगभरचे तरुण लागले. त्यांना आजार नव्हता, नशा हवी होती. पोलीस आले, मग रस्त्यावर लष्कराचा पहारा बसला. गावाने दोष बाईवर ठेवला, तिचं घर जाळलं गेलं. परदेशी आल्यापासून अळंबीचं बळ गेलं, असं ती म्हातारपणी म्हणत असे. १९८५ साली ती गरिबीत वारली. वॉसन वाईट माणूस नव्हता. त्याने काळजी घेतली होती, नाव बदललं होतं. मला त्यामुळेच ती गोष्ट जास्त टोचते, कारण मीही या पुस्तकात नावं बदलली आहेत.

सगळीकडे जागेचं गुपित असतंच असं नाही. यार्सागुम्बाची गोष्ट वेगळी. तिबेटीत त्याचा अर्थ उन्हाळी गवत, हिवाळी किडा. उत्तराखंडात सरळ 'कीडा जडी' म्हणतात. जमिनीखालच्या एका पतंगाच्या अळीला बुरशी पोखरते, आणि बर्फ वितळल्यावर तिच्या डोक्यातून बोटाएवढी तपकिरी काडी वर येते. साडेतीन-चार हजार मीटरवरच्या उघड्या गवताळ उतारावर, मे-जूनमध्ये. इथे लपवायला झाड नाही; सगळा उतारच गुपित, आणि प्रश्न एवढाच की उतार कुणाचा. १९९३ मध्ये चिनी धावपटू मुलींनी जागतिक विक्रम मोडले आणि त्यांच्या प्रशिक्षकाने श्रेय या काडीला दिलं, तेव्हापासून भाव चढतच गेला. डॅनियल विंकलर हा अभ्यासक, जो पुढे अशा सहली घेऊन तिबेटात जाऊ लागला, त्याच्या हिशेबाप्रमाणे २००४ साली तिबेट स्वायत्त प्रदेशातल्या खेड्यांच्या रोख उत्पन्नापैकी सुमारे ४० टक्के या एका बुरशीतून येत होतं. जून २००९ मध्ये नेपाळच्या मनांग जिल्ह्यातल्या नार गावच्या लोकांनी गोरखाहून काडी वेचायला आलेल्या सात जणांना ठार मारलं. उतार कुणाचा, या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर होतं. पर्यटकाने इथे काय करायचं? मुन्स्यारीच्या वरच्या बुग्यालावर, म्हणजे उंचावरच्या कुरणावर, मी पोटावर पालथी पडून चार तास गवत न्याहाळलं, एकही काडी दिसली नाही. शेजारच्या दहा वर्षांच्या मुलीने माझ्या कोपराखालून दोन काढल्या. त्या भागात तंबू टाकून राहणाऱ्या कुटुंबांसाठी तो वर्षाच्या कमाईचा महिना असतो, आणि आपण मध्ये गवत तुडवत असतो. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला तेव्हा रूपकुंडला निघालेले आपले कितीतरी ट्रेकर हळहळले. मीही त्यांत होते. आता हळहळ वाटत नाही.

वाटाड्या कशाला हवा, याचं दुसरं उत्तर साधं आहे: मरू नये म्हणून. पण विष हा विषय लोक समजतात त्याहून खोल आहे. चांदीचा चमचा काळा पडतो, किडे खातात ती चालते, रंगीत असेल ती वाईट, हे सगळे नियम खोटे आहेत. खरं ज्ञान जागेला बांधलेलं असतं. आग्नेय आशियातून अमेरिकेला गेलेली माणसं तिथल्या ओकखाली उगवलेली पांढुरकी अळंबी आपल्या ओळखीची पेंढ्यावरची समजून खातात. ती निघते 'डेथ कॅप'. पहिले सहा ते बारा तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग एक दिवस बरं वाटतं, आणि तोवर यकृत गेलेलं असतं. ही माणसं अडाणी नव्हती. त्यांचं ज्ञान अचूक होतं, दुसऱ्या खंडातलं होतं. आत्याला शांग्रिलात सोडली असती तर तिनेही तेच केलं असतं. आणि मला कोकणातल्या सुक्याची जीभ आहे, म्हणून मी कुणाही अनोळखी डोंगरात स्वतःच्या ओळखीवर विसंबत नाही.

युन्नानमध्येच आणखी एक गोष्ट घडली, ती मी वाचल्यापासून विसरले नाही. तिथल्या उंच खेड्यांत पावसाळ्यात धडधाकट माणसं अचानक हृदय बंद पडून मरत. तीस वर्षांत असे शेकडो मृत्यू झाले. अखेर संशय एका छोट्याशा पांढऱ्या अळंबीवर गेला, २०१२ मध्ये तिला ट्रोजिया वेनेनाटा असं नाव मिळालं. ती बाजारात कुणी घेत नसे. चांगल्या अळंब्या विकायला जायच्या, ही उरलेली घरच्या ताटात पडायची.

त्याच प्रांतात दुसरीकडे विषाशी लाडही चालतात. हात लागताच निळी पडणारी, तिथल्या भाषेत 'जिएनशौछिंग' म्हणवणारी अळंबी नीट शिजवली तर अप्रतिम, कच्ची राहिली तर डोळ्यांपुढे बोटभर उंचीची माणसं नाचतात. २०२३ च्या जुलैत अमेरिकेच्या अर्थमंत्री जॅनेट येलेन बीजिंगमध्ये ती खाऊन गेल्या आणि त्या खानावळीपुढे रांगा लागल्या. 'नीट शिजवली तर' यात मात्र डोंगराची एक खोच आहे. चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं. पुण्यात वीस मिनिटांत होणारी गोष्ट तिथे भांडं खदखदत असूनही होत नाही. कढईत तेलावर परतणं हा तिथला शहाणपणा आहे, चवीची निवड नव्हे. अशा सहलीतला सगळ्यात चांगला तास म्हणूनच संध्याकाळचा. दिवसभर गोळा केलेलं टेबलावर मांडायचं, कापायचं, हुंगायचं, टोपी कागदावर उपडी ठेवून रात्रभरात पडणाऱ्या बीजाणूंचा रंग पाहायचा. शंभरातल्या नव्वद खायच्या नसतात. लॅटिन नाव सांगणारा जाणकार आणि 'ही आमच्याकडे खात नाहीत' एवढंच सांगणारा वाटाड्या यांच्यात मतभेद झाला तर मी वाटाड्याच्या बाजूने बसते.

पुढच्या पानांत जीपीएसचे आकडे नाहीत, डोंगराच्या धारांची नावं नाहीत, आणि फोटोंतून ओळखू येतील अशा खुणा कापल्या आहेत. काही वाचकांना हे पुस्तक त्यामुळे अपुरं वाटेल. त्यांनी भीमाशंकरचं रान आठवून पाहावं. पावसाळी रात्री तिथे कुजक्या लाकडावरची बुरशी हिरवट उजळते, हे एकेकाळी मोजक्या लोकांना माहीत होतं. आता त्या 'चमकणाऱ्या जंगला'च्या सहलींच्या जाहिराती मोबाइलवर येतात, आणि जे पाहायला विजेऱ्या विझवाव्या लागतात ते पाहायला विजेऱ्यांची रांग जाते.

पण गुपिताचीही बाजू मला पूर्ण घेता येत नाही. आत्या जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात तिने दागिने कुणाला, गाय कुणाला, सगळं सांगितलं. अळंबीची जागा सांगितली नाही. विसरली असेल, किंवा विचारायचं आम्हालाच सुचलं नाही. दर आषाढात आमच्या रानात कुठेतरी ती उगवत असणार आणि कुजून जात असणार. दोनदा मी शोधायला गेले. चार अळंब्यांचं ते वारूळ तेवढं सापडलं. त्यावर आता काही नाही.

उराहून निघायच्या आदल्या संध्याकाळी चुलीपाशी बसलो असताना मी हे सगळं वाटाड्याला सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. वाळवी बुरशीची शेती करते हे त्याला खरं वाटेना, दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, म्हणजे तुमच्याकडेही चांगल्या उगवतात. कुठे?"

मी त्याला तालुका सांगितला.

तो हसला, आणि चुलीत आणखी एक ओंडका सारला.